ओल्या शाईची वाटणी

वाटणीच्या दिवशी थोरल्याने छपाईचं डिजिटल यंत्र घेतलं आणि धाकट्याला हीट प्रेस, म्हणजे कापडावर तापती प्लेट दाबायचं यंत्र, दिला. "छपाई माझी, इस्त्री तुझी," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि वर हसलाही. वाटणी करताना जो हसतो त्याने हिशेब पुन्हा तपासावा, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं म्हणा.

चूक साधीच होती. त्याचं यंत्र कागदावर छापावं तसं थेट कापडावर शाई फवारून चित्र काढायचं. चित्र असं यायचं की बघत राहावं. पण ती शाई तापत्या प्रेसखाली पक्की केल्याशिवाय कापडावर नुसती बसून राहते. बोट लावलं की बोट रंगतं. आणि प्रेस तर प्लायवूडच्या भिंतीपलीकडे, धाकट्याच्या अर्ध्या दुकानात. कात्री फोडून एकेक पातं वाटून घ्यावं तसला प्रकार. फरक इतकाच, की धाकट्याचं पातं सुरी म्हणून चालत होतं. तो तयार छापील फिल्म आणायचा, टी-शर्टवर ठेवून प्रेस दाबायचा आणि वरचा कागद सोलून टाकायचा. आकडे, नावं, चिन्हं. दिवसभर भिंतीपलीकडून त्याच्या टायमरची पीं पीं ऐकू यायची आणि थोरल्याच्या कपाळाची शीर उडायची.

थोरला आपले शर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दुकानातून दाबून आणायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "तिथला प्रेस मोठा आहे." आज दुपारी त्या दुकानदाराचा फोन आला. हीटर जळला होता. दोन दिवस काही होणार नव्हतं.

आणि आजच रस्सीखेच संघाचे शर्ट द्यायचे होते.

बायकांचा संघ होता. कप्तानबाई एरवी क्रेन चालवायच्या आणि बोलायच्याही तशाच: शब्द उचलायचा, नेमक्या जागी ठेवायचा. ऑर्डर देताना म्हणाल्या होत्या, "बाकीचे संघ आमचे शर्ट बघून ठरवणार आहेत. टिकले तर सगळे तुमच्याकडे येतील. दोर काखेतून जातो, छातीवर घासतो. पहिल्याच ओढीत रंग निघाला तर आम्हीसुद्धा पुन्हा दिसणार नाही." थोरल्याकडे दुसरं मोठं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हे काम गेलं तर यंत्र विकायचं, असं नवरा-बायकोचं ठरून बसलं होतं. संघाची बस चारला येणार होती.

थोरल्याने घरची इस्त्री आणली.

बायकोने चित्रावर कागद धरला आणि तो वरून दाबू लागला. काळ्या कापडावर नारिंगी दोराची गाठ आणि तिच्यातून डोकावणारा पांढरा बैल. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं. जिथे भोक तिथे दाब नाही. कागद उचलला की बैलाच्या अंगावर ओलसर ठिपके चमकायचे.

"बैलाला देवी आल्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली.

"वाळेल."

"बोट लावून बघू?"

"बोटं खिशात ठेव तू."

काही शर्ट असे झाले. त्याने ते घडी घालून काउंटरच्या टोकाला रचले. वरून कोरडे दिसत होते. माणूस अडचणीत सापडला की 'दिसत होते' एवढ्यावर फार मोठी इमारत उभी करतो. पण रॅकवर ओले शर्ट अजून ढिगाने होते, मनगट भरून आलं होतं आणि घड्याळ काही त्याचा नोकर नव्हतं.

"भावजींना हाक मारा," बायको म्हणाली.

"मी?"

"मग मी मारू? वाटणी तुम्ही केली. सुंभ जळेल तरी पीळ जायचा नाही तुमचा. यंत्र गेल्यावर पीळच भाड्याने देत बसा."

शर्ट रस्त्यावरून शेजारी न्यायचे तर बाहेर नळासाठी रस्ता खोदलेला. पांढरी धूळ नाकातोंडात जात होती. ओल्या शाईवर ती बसली की बैल पिठात लोळल्यासारखा दिसला असता. थोरला प्लायवूडपाशी गेला. हात उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला आणि वाजवलं.

पलीकडची पीं पीं थांबली.

"कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"मी कोण? गिऱ्हाईक असाल तर पुढच्या दाराने या."

"अरे, शर्ट पक्के करायचेत. चारला बस आहे."

पलीकडे पावलं जवळ आली. मग धाकट्याचा आवाज अगदी लाकडाजवळून आला. "मी येऊ कसा, दादा? स्क्रूची डोकी तुझ्या बाजूला आहेत. तूच तशी लावून घेतलीस."

थोरल्याने पेचकस घेतला. प्लाय बसवताना त्याने सुताराच्या मागे उभं राहून 'आणखी एक, आणखी एक' करत स्क्रू मारून घेतले होते. आता एकेक निघताना करकरत होता. दोन झिजले, फिरेनात. तेव्हा बायकोने खालची पट्टी पायाने दाबली, थोरल्याने हिसका दिला आणि फळी आवाज करत वाकली. पलीकडे धाकटा हात पसरून उभा होता. भावासाठी नव्हे, फळी पडू नये म्हणून. पण पसरलेले हात ते पसरलेले हात.

"वहिनी, शर्ट आणा. टोकांना धरा, चित्राला हात नको. दादा, तू कागद ठेव."

थोरला कागद हातात धरून उभा राहिला. पहिला शर्ट प्रेसच्या पाटावर गेला. धाकट्याने तापती प्लेट खाली आणली, पण टेकवली नाही. चित्राच्या जरा वर धरून ठेवली.

"दाब की!"

"थांब."

"अरे, साडेतीन वाजून गेले!"

"आत पाणी आहे. एकदम दाबलं तर वाफ कोंडेल आणि बैलाला फोड येतील. मग त्याला घेऊन दवाखान्यात तू जाणार की मी?"

थोरला गप्प बसला. गप्प बसण्याची सवय नसल्याने त्याचा जबडा दुखायला लागला. शाईची चकाकी हळूहळू मंदावली. मग धाकट्याने कागद ठेवायची खूण केली, प्लेट टेकवली आणि टायमर वाजेपर्यंत धरली. कागद निघाला. त्याने अंगठा चाटला आणि बैलाच्या कपाळावर करकचून घासला. अंगठा स्वच्छ. त्याने तो भावासमोर धरला आणि दुसरा शर्ट ओढला.

रॅक रिकामा होत गेला. बायको आणत होती, थोरला कागद ठेवत होता, धाकटा दाबत होता. काउंटरच्या टोकाचा ढीग मात्र तसाच राहिला. थोरल्याची नजर दोनदा तिकडे गेली आणि दोनदा परत आली. बायकोने भुवई उंचावली, तर त्याने मान फिरवली. ते शर्ट पुढे केले असते तर धाकट्याला कळलं असतं, आपण हातात काय धरून बसलो होतो ते. वरून कोरडे दिसत तर होते.

शेवटचा शर्ट प्रेसखाली असतानाच बाहेर हॉर्न वाजला आणि कप्तानबाई आत आल्या. मोडलेल्या भिंतीकडे त्यांनी एकदा पाहिलं. "झाले?"

"झाले," थोरला म्हणाला.

त्या सरळ काउंटरच्या टोकाला गेल्या. त्याच ढिगातला वरचा शर्ट उचलला, झटकून उलगडला, अंगठा जिभेला लावला. थोरल्याच्या घशातून 'हो हो, घासून बघा' असं काहीतरी वर येत होतं. एखादा ठिपका चुकला तर चुकला, तेवढ्यावर निभावलंही असतं. आणि नसतं तर? मैदानात, दोर छातीवर, आणि सगळ्या संघांसमोर बैल काखेत.

"तो नको," थोरला म्हणाला.

अंगठा हवेत राहिला. "का?"

"त्या ढिगातले कच्चे आहेत."

धाकट्याने वळून पाहिलं. येऊन त्याने शर्ट उजेडात धरला. ओळीत बसलेले ठिपके बघितले आणि त्याला सगळं कळलं.

"दादा, इस्त्री?"

"हो."

"आणि इस्त्रीवाला मी ना?"

बायको तोंडाला पदर लावून मागे वळली. थोरल्याचे कान लाल झाले. सगळ्यांदेखत बोललेलं सगळ्यांदेखतच परत यावं, याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

"वाचतील का?" त्याने विचारलं.

"शाई नुसती बसलीय, बिघडली नाही. वाचतील." धाकट्याने प्लेट उघडली. "पण बस थांबवावी लागेल."

कप्तानबाईंनी हातातला शर्ट त्याच्याकडे दिला आणि आधी पक्का झालेला एक उचलला. त्याच्यावर दोन्ही अंगठ्यांनी, मग मुठीने घासलं. अंगठे बघितले. बाहेर जाऊन ड्रायव्हरला काहीतरी ओरडून आल्या आणि स्टूल ओढून प्रेससमोर बसल्या. जवळ, राखण करायला बसावं तशा.

ढीग एकेक करून प्रेसखालून गेला. प्रत्येक शर्ट त्यांनी स्वतः घासला. शेवटच्यालाही.

"उशीर झाला," त्या उठत म्हणाल्या. "पण खोटं बोलला नाहीत. पुढचे संघ पाठवते. मात्र आज सांगितलेली वेळ चुकली, तशी पुन्हा नको. पुढच्या वेळी शर्ट कधी मिळतील, हे मी कोणाला विचारायचं?"

थोरल्याने तोंड उघडलं. 'मला' हा शब्द जिभेवर बसलेलाच होता. कित्येक वर्षं तो तिथेच राहायला होता. त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा हातातला कागद नीट करत होता, जसं काही ऐकूच आलं नव्हतं.

"त्याला विचारा," थोरला म्हणाला. "तो सांगेल ती वेळ."