गोड्या पाण्याच्या विहिरी

"शेवटच्या पानावर पाहा, तिथं असंन," महादेवराव वकील म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

देवमनने शेवटचं पान पाहिलं. तिथे सायकलच्या दुकानाची जाहिरात होती. पहिलं पान उघडलं, तर तिथे सायकलचा दांडा धरून उभ्या असलेल्या वकिलांचा फोटो. बत्तीस पानांची चोपडी त्याने उभ्याउभ्या दोनदा चाळली. ओसरीवर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण 'बस' म्हणायला वकिलांची जीभ रेटत नव्हती.

"माहं नाव दिसत नाई, वकीलसाहेब."

"अरे, जागा कमी पडली. छापखान्यावाल्याचं असंच असते. पुढच्या खेपेला टाकू."

जागा कमी पडली म्हणे! ढेरीसकट फोटोला अर्धं पान पुरलं आणि देवमन तेलगोटे या आठ अक्षरांना जागा कमी पडली. 'सायकलवरून वऱ्हाड', लेखक महादेवराव, बी. ए., एलएल. बी., अध्यक्ष, सायकल मंडळ, अमरावती. अध्यक्षांनी आयुष्यात सायकलवरून वलगाव ओलांडलं नव्हतं. डॉक्टरने पोट कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी सायकल घेतली होती, आणि बडनेऱ्याला जाऊन आले त्या दिवशी त्यांनी स्वतःचा सत्कार करून घेतला होता.

देवमन हिवताप खात्यात होता. आधी फवारणीच्या टोळीत, मग घरोघर जाऊन तापाचं रक्त घेण्याच्या कामावर. चार वर्षांत अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे त्याने सायकलने तुडवले होते. दारात उभं राहायचं, "कोनाले ताप आला का?" म्हणून विचारायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. रक्त द्यायला कोणी ना म्हणत नसे. पाणी मागितलं की मात्र घरातल्या बाईचं चुलीवरचं दूध नेमकं उतू जायचं. छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, तरी गावची दुधं काही उतू जायची थांबली नाहीत.

वकिलांच्या शेतावर रक्त घ्यायला गेला तेव्हा त्यांनी त्याला हेरलं. "देवमन, मले रस्ते लिहून दे. तुझं नाव पुस्तकात छापतो." एवढ्या एका बोलावर गडी भुलला. बारा रविवार बसून त्याने वही भरली. खडी कुठे, मुरूम कुठे, काळी माती कुठे चाकाला धरते, पूर्णेच्या कोणत्या उतारावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रिद्धपूरचे मठ, अचलपूरच्या वेशी, अंजनगावची पानं, अकोटातल्या जिनांचा उडता कापूस. आणि पाणी. पूर्णेचा काठ म्हणजे खारपाणपट्टा, दहा विहिरी उपसाव्या तेव्हा एक गोडी निघते. म्हणून त्याने गोड्या पाण्याची प्रत्येक विहीर खाणाखुणांसह मांडली. उंबरखेडीच्या विहिरीपुढे तर लिहिलं होतं, 'पाणी साखरेसारखे. येथे पोटभर प्यावे.'

त्याचा बाप डोमाजी जन्मभर कागदावर अंगठा उठवून मेला. त्या घराचं नाव एकदा तरी छापून यावं, एवढीच देवमनची हाव होती. वकिलाने वही जशीच्या तशी उतरवली, साखरसुद्धा सोडली नाही. फक्त नाव सोडलं.

देवमन चोपडी घेऊन खाली उतरला. "येतो," इतकंच म्हणाला. असल्या माणसाशी भांडणं म्हणजे स्वतःचंच तोंड विटाळणं, असं त्याला वाटलं.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात सायकल मंडळ पुस्तकाबरहुकूम सहलीला निघालं. पुढची हकिगत देवमनला उंबरखेडीच्या चंद्रभानने सांगितली. चंद्रभान त्याच्याच समाजातला, त्यांच्या वस्तीतल्या विहिरीलगत घर असलेला.

"अकरा जन होते गा! अर्ध्या चड्ड्या, डोळ्याले काळे चष्मे. आमच्या शालूनं पानी वढून देल्लं. वकिलानं चोपडी काढली, मोठ्यानं वाचून दाखवलं अन् तीन गिलास रिचवले. म्हने, वा! पुस्तकात लिवलं तसंच हाये."

"मंग?"

"मंग काय! पुंजाराम पाटील हार घेऊन वेशीवर ताटकळले होते. वाट पाहून पाहून इकडे आले. म्हने, काहो महादेवराव, तुमी या विहिरीचं पानी पेले? वकील म्हने, हो, काहून? अन् मंग पाटलानं कानात सांगतलं."

अकरा तोंडं खाडकन उतरली. कोणीतरी चोपडी हिसकावून घेतली आणि मागच्या मुक्कामांच्या विहिरी ताडून पाहू लागलं. चांदूर बाजाराकडची, रिद्धपूरच्या वाटेवरची, अचलपूरच्या बाहेरची, अंजनगावची. साऱ्या बौद्धवाड्यातल्या! चार दिवस मंडळ तेच पाणी पीत आलं होतं आणि ढेकर देत आलं होतं. एका मास्तराने तिथल्या तिथे घशात बोटं घातली. चार दिवसांमागचं पाणी ओकून काढायला निघालेला हा शहाणा मुलांना शास्त्र शिकवायचा! दुसऱ्या एकाने पाटलाच्या गोठ्यात जाऊन गोमूत्र मागितलं. सायकली बैलबंडीत घातल्या आणि अकोटहून मंडळ एसटीने घरी परतलं. अकोला राहूनच गेलं.

ऐकताना देवमन पोट धरून हसला. मग हसू एकाएकी आटलं. तीन गिलास साखर होती, आणि कानात एक शब्द पडताच तिचं विष झालं. थू असल्या विद्येवर, असं तो मोठ्याने म्हणाला.

त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. त्याला ते सुचलंच नव्हतं. विहीर म्हणजे जिथे आपल्याला पाणी मिळालं ती, याहून वेगळी विहीर त्याच्या वहीत येणार तरी कुठून?

चौथ्या दिवशी वकील त्याच्या घरापुढे येऊन उभे राहिले. बरोबर कागद होता. देवमनची माय जाईबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

"पानी घ्या, वकीलसाहेब."

"नको नको, आत्ताच चहा झाला," वकील दोन पावलं मागे सरकले. मग देवमनकडे वळले. "देवमन, माझी अब्रू घालवली तू. गावच्या विहिरी काहून नाई लिहिल्या?"

"मले त्या माहीत नाईत."

"चार वर्षं फिरला अन् गावची विहीर माहीत नाई?"

"पाह्यल्या हायेत, साहेब. पानी नाई पेलो. न पेलेल्या पान्याले गोड कसं लिहू?"

वकिलांनी घाम पुसला आणि कागद पुढे केला. "बरं, हे असू दे. इथं सही कर. विहिरींची माहिती तुझ्याकडून नजरचुकीनं चुकीची दिली गेली, इतकंच लिहिलं आहे."

"कोन्त्या विहिरीचं पानी खारं निंघालं?"

"खाऱ्या-गोडाचा प्रश्न नाई रे!"

"मंग कशाचा हाये? ते लिवा ना कागदावर. तुमी तं वकील हा."

वकिलांनी कागद मागे घेतला. ओठावर आलेलं कागदावर उतरलं तर ते अस्पृश्यतेच्या कायद्यात कुठे बसतं, हे त्यांना पंचावन्न सालापासून पाठ होतं. ज्या धर्माचा इतका पुळका, तो धर्म लिहायची छाती नाही. आणि आले सही मागायला!

"तुझ्या साहेबाले सांगावं लागंन मले," वकील शेवटी म्हणाले.

"सांगा. सही मी करनार नाई. पानी गोडच हाये. अन् माहं नाव टाकाचं असंन तं आता पुरं टाकजा. देवमन डोमाजी तेलगोटे."

वकील तरातरा गेले. साहेबाकडे ते गेलेच नाहीत, कारण तिथेही तोंडाने काय सांगणार? मात्र पंधरा दिवसांनी दुकानांतल्या उरलेल्या प्रत्येक चोपडीत पहिल्या पानावर, फोटोच्या खाली, छापील चिठ्ठी चिकटलेली दिसली. देवमनने स्टँडावरून एक प्रत विकत आणली.

'सूचना. या पुस्तकातील विहिरींची माहिती श्री. देवमन डोमाजी तेलगोटे यांनी पुरविलेली असून तिच्या उत्तरदायित्वाशी लेखकाचा संबंध नाही. वाचकांनी आपापली खात्री करूनच पाणी प्यावे.' खाली बारीक अक्षरांत वकिलांचं नाव. दोष टाकायचा म्हणून का होईना, 'श्री.' आलं होतं आणि 'यांनी' आलं होतं. तोंडाने त्या माणसाने देवमनला कधी 'अरे'च्या वर चढू दिलं नव्हतं.

जाईबाई विहारातल्या साक्षरतेच्या वर्गाला जायची. तिने चोपडी गुडघ्यावर घेतली आणि बोट ठेवून वाचू लागली. "दे... व... म... न. देवमन! तुहं नाव हाये रे बापा!" मग बोट पुढच्या शब्दावर गेलं आणि थांबलं.

"वाच ना माय."

"वाचलं म्या."

"मोठ्यानं वाच."

"चाल! नवऱ्याचं नाव घेते का कोनी?" म्हातारी लाजली, पण बोट उचललं नाही. डोळे भरून आले तरी ते तिथेच होतं. "त्याच्या नावाले कागद भेटला गा. शाईतलं नाव हाये."

पुढच्या ओळी जोडाक्षरांच्या होत्या, त्या तिला अजून येत नव्हत्या. बोट त्यांच्यावरून घसरत अगदी खाली आलं.

"अन् हे बारीक कोनाचं?"

"वकिलाचं नाव हाये ते."

"आपल्या नावाच्या खालतं?"

"हो माय," देवमन म्हणाला. "खालतं."

मधलं त्याने तिला वाचून दाखवलं नाही.