सुपाला लागलेलं तिसरं पान

मित्रांनो, मी एक जुना डबलबास आहे, व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत मोठं वाद्य. तुमचे बाबा शेजारी उभे राहिले, तरी माझी मान त्यांच्या डोक्याच्या वर जाईल. अंगाने एवढा थोरला. पण मला गाता येतं, हे मलाच फार उशिरा कळलं.

मुंबईच्या एका हॉटेलात गंगाराम परब मला तीस वर्षं वाजवत होते. व्हायोलिनने गावं, ट्रंपेटने मिरवावं आणि आम्ही मागे राहून धुम् धुम् करावं! टाळ्या पुढच्यांना. मला वाटे, आपला गळाच तेवढा.

१९६१ साली नोकरी सोडून गंगाराम बोटीने मालवणला परतले. मला बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या पडावात उतरवताना बाबली खलाशी म्हणाला, "गंगारामा, ह्यो हत्ती खंय बांधतलस?" सगळे हसले. मी लाजलो.

घरी गंगारामांनी ट्रंकेतला एक गठ्ठा सोडला. तो त्यांच्या गोव्याच्या गुरूंनी मरताना दिला होता आणि मुंबईच्या धावपळीत तसाच राहिला होता. आत चार पानं होती. शंभर वर्षांपूर्वी कोणा परदेशी वादकाने फक्त डबलबाससाठी लिहिलेली प्रेमाची सुरावट! गंगारामांची बोटं माझ्या मानेवरून कधी नव्हे इतकी खाली सरकली आणि माझ्या पोटातून असा सूर निघाला की आम्ही दोघेही थबकलो. हा माझा आवाज? देवा रे!

त्यांची बायको विमला तीस वर्षं गावात शेती सांभाळून होती. नवऱ्याचं वाजवणं तिने एकदाही ऐकलं नव्हतं. दिवाळीला तिला हे सगळं ऐकवायचं, एवढीच गंगारामांची इच्छा. ती भातकापणीला गेली की आमचा सराव चाले.

एके दिवशी तिसरं पान दिसेना. आमच्याकडे नवं भात यायच्या आधी कागद नि मेथी भिजवून, वाटून बांबूचं सूप सारवतात. त्यासाठी विमलाने तेच पान घेतलं होतं.

"रद्दी समजान भिजत घातलंय, अवो! त्येच्यार नुसते काळे मुंगळे चलत होते." ती रडकुंडीला आली.

ते पान गंगारामांना पाठ नव्हतं. दोन दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीच्या सकाळी विमला ओसरीवर त्याच सुपात तांदूळ पाखडत गुणगुणत होती. एकटीने काढलेल्या वर्षांत तिने स्वतःच रचलेली चाल होती ती. गंगाराम दारात ऐकत राहिले. मग त्यांनी मला उचललं, दोन पानं वाजवली, तिसऱ्याच्या जागी तिची चाल घेतली आणि चौथ्यावर आले. विमलाचे हात थांबले होते.

"तीस वर्सां तुमी ह्या वाजवत होतास?"

"नाय गो. तीस वर्सां नुसता धुम् धुम् केलंय. ह्या आज पयल्यांदाच."

मित्रांनो, त्या दिवाळीला आता वीस वर्षं झाली. गंगारामांची बोटं आखडली आहेत. मी भिंतीला टेकून आहे. तारा गंजल्या आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी या, मला पुसा, शिका. तीन पानं ट्रंकेत आहेत. तिसरं विमलाबाईंना विचारा.