हिरव्या साडीवरचा डाग

विमानात शेजारच्या बाईने सांडलेली कॉफी पाच दिवस झाले तरी काकूंच्या हिरव्या रेशमी साडीवर ठाण मांडून बसली होती. काकू म्हणजे इस्त्रीवाल्या काकू. गल्लीच्या तोंडाशी चाळीस वर्षं, आधी नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यावर एकटीने, त्यांनी लोकांचे कपडे धुतले आणि त्यांना इस्त्री केली. घरी असत्या तर असल्या डागाला त्यांनी दुपारपर्यंत देशोधडीला लावलं असतं. पण इथे, मुलाच्या परदेशातल्या फ्लॅटमध्ये, ना बादली ना धुण्याचा दगड. न्हाणीघराशेजारी एक पांढरं मशीन तेवढं होतं, आणि त्याचं तोंड पोटाला होतं.

काकूंचा त्या मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. सुनेने त्यात टॉवेल टाकले तेव्हा त्या समोर स्टूल घेऊन तासभर राखणीला बसल्या होत्या. दार एकदा बंद झालं की उघडत नाही, कपडे आतून काचेवर आपटतात, आणि चक्रावरची अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत. ज्याला सुती काय नि रेशमी काय हे कळत नाही त्याच्या हाती साडी द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

रविवारी सकाळी मुलगाच म्हणाला, दे ती साडी, मी बघतो. सून इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी करून आत झोपली होती. मुलगा मोठ्या कंपनीत इंजिनिअर. कॉम्प्युटरवर यंत्रांची चित्रं काढतो, एवढं काकूंना माहीत होतं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं होतं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. चौथीत असल्यापासून त्या त्याला साहेबच म्हणत. साहेबाची आई होणं हीच त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

तर साहेब साडी धुणार म्हटल्यावर काकू कंबरेवर हात ठेवून मागे उभ्या राहिल्या. त्याने आधी पदराच्या आतल्या टोकाला ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का ते पाहिलं. मग पातळ साबण घेऊन डाग कडेकडून आत चोळत आणला. साडीची घडी घालून ती उशीच्या अभ्र्यात भरली, तोंड बांधलं, चक्र थंड पाण्यावर आणलं आणि पिळण्याचं बटण बंद केलं. सगळं मिळून पाच मिनिटं, आणि एकदाही हात अडखळला नाही.

"डाग कडेकडून आत आणायचा, हे तुला कुणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"मोबाईलवर बघितलं, आई."

काकूंना हे पटलं नाही. मोबाईलवर बघून माणसाला माहिती होते, पण बोटं अशी चालत नाहीत. बोटं रोजच्या सरावाने चालतात. दुकानात त्यांनी ह्या पोराला इस्त्रीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. मग ही बोटं शिकली कुठे?

संशयाची सुई अर्थातच आधी सुनेकडे वळली. बाईसाहेब नवऱ्याला धुण्याला जुंपतात तर! काकूंनी झोपायच्या खोलीच्या बंद दाराकडे असा काही कटाक्ष टाकला की दार जागं असतं तर शरमलं असतं. पण मशीन गुरगुरत होतं तोवर त्या स्टुलावर बसून विचार करत राहिल्या, आणि पाच दिवसांतलं एकेक त्यांच्या डोळ्यांपुढे यायला लागलं.

साहेब सकाळी सातला कडक शर्ट घालून निघत आणि संध्याकाळी तोच शर्ट घालून परत येत. शर्टाच्या कोपरात एक घडी नसे. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याचे कोपर चुरगळतात, कॉलर मळते. लोकांचे शर्ट बघून नोकऱ्या ओळखण्यात काकूंचा जन्म गेला होता. हा शर्ट फक्त जाता-येता अंगावर होता. आतला बनियन मात्र घामाने भिजून वाळलेला, पांढरे डाग पडलेला. शर्ट काढून हा दिवसभर करतो तरी काय? एक क्षण त्यांच्या मनात नको ते आलं. त्यांनी देवाची माफी मागितली आणि पुन्हा तोच विचार केला.

साडी बाहेर आली. डाग गेला होता, जरीचा काठ जागच्या जागी होता. काकूंनी उलटसुलट करून पाहिलं, पण नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्याने त्या आणखीच अस्वस्थ झाल्या. साहेबाने ती सावलीत पसरली आणि थोडी दमट असतानाच टेबलावर घेतली. बाह्या दुमडल्या. साडी उलटी केली, वर मलमलचं फडकं टाकलं आणि इस्त्री गालाजवळ नेऊन ताव पाहिला.

काकूंची नजर त्याच्या हातावर गेली. मनगटाच्या वर आतल्या बाजूला भाजल्याच्या सरळ रेषा होत्या, काही जुन्या, एक ताजी. ओव्हनचा चटका बसला, असं तो चार दिवसांपूर्वी म्हणाला होता. ओव्हन एवढ्या वेळा, एकाच जागी चटका देत नाही.

"साहेब," काकू म्हणाल्या, "कुठल्या लॉन्ड्रीत आहेस?"

त्याने इस्त्री उभी ठेवली. मग खालच्या आवाजात तो सगळं सांगून मोकळा झाला. चौदा महिन्यांपूर्वी कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला होता. दुसरी नोकरी मिळेना. हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत तो दोन आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि तिथेच राहिला. आता नाजूक कपडे सगळे त्याच्याकडेच येतात. शर्ट तिथल्या कपाटात टांगून ठेवतो. बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

काकूंना राग आला, आणि रागाच्या खालून रडू आलं. गल्लीला काय सांगू, हे पहिलं मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"नववीत असताना तुला ताप आला होता," तो म्हणाला. "मी तुझ्या मागे वीस शर्टांना इस्त्री केली. तू उठलीस, हँगरने हातावर मारलंस आणि म्हणालीस, ह्या हातांनी पुन्हा इस्त्री धरलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

काकूंना आठवेना. शपथा त्या भाजीत मीठ घालावं तशा घालत, आणि संध्याकाळपर्यंत विसरत.

"तिथे पहिल्या दिवशी इस्त्री धरली आणि सुटल्यावर तुला फोन केला," तो म्हणाला. "तू उचललास. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. रोज करतो."

मुलगा रोज फोन करतो म्हणून काकूंनी चौदा महिने गल्लीत मिरवलं होतं. तो फोनवर काय बोलायचा हे आता त्यांच्या कानात नव्याने वाजलं. बरी आहेस ना, चक्कर नाही ना येत, जेवलीस ना. एवढंच विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

"अरे, एवढा इंजिनिअर तू. असल्यावर विश्वास ठेवतोस?"

"नाही ठेवत. पण फोन करतो."

शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. काकूंनी टेबलाला वळसा घातला आणि त्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरला.

"सुटली," त्या पुटपुटल्या.

"नीट म्हण, आई."

"शपथ सुटली!" काकू इतक्या मोठ्याने म्हणाल्या की झोपेतली सून धडपडत दारात आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"अजून एकदा म्हण," तो आईला म्हणाला.