तारेबाहेरचं पांढरं फूल

डर्व्हला हेहिरने काटेरी तारेखालून आधी कॅमेऱ्याची पिशवी आत सरकवली आणि मग स्वतः पोटावर सरपटत गेली. सत्तरीला टेकलेल्या बाईने असं सरपटावं का, हा प्रश्न बाहेर उभ्या असलेल्या नऊ जणांपैकी एकालाही पडला नाही. निसर्ग क्लबच्या मे महिन्यातल्या सहलीत ती दरवर्षी हेच करायची.

आत चार पावलांची चौकोनी जागा होती. चार खांब, तीन पदरी तार आणि डर्व्हलाने स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड: ‘दुर्मिळ वनस्पती. गुरे दूर ठेवावीत.’ सात वर्षांपूर्वी इथेच तिला पांढरा जेंशन, एका बुटक्या रानफुलाचा दुर्मिळ प्रकार, सापडला होता. निळे जेंशन बरनच्या या खडकाळ मुलखात या दिवसांत शेकड्यांनी फुलतात. पांढरा मात्र क्लबातल्या कुणी जन्मात पाहिला नव्हता. त्या वर्षी अकरा फुलं होती. त्यांच्या फोटोला गावच्या प्रदर्शनात चांदीचा करंडक मिळाला. पुढच्या वर्षी, मर्टी कॉन्सिडाइनची गुरं हिवाळ्यासाठी डोंगरावर चढायच्या आत, क्लबने हे कुंपण घातलं. जमीन मर्टीची, गुरंही त्याचीच. तो तेव्हा एवढंच म्हणाला होता, “तुमच्या मनासारखं होऊ द्या.”

मध्ये एकदा डर्व्हलाने करंडक पुन्हा जिंकला. तिसऱ्यांदा जिंकणाऱ्याच्या घरी तो कायमचा राहतो. घड्याळाशेजारी त्याच्यासाठी तिने जागासुद्धा करून ठेवली होती.

तिने दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. गुडघाभर वाढलेलं, पिवळं पडलेलं, एकमेकांत गुंतलेलं गवत. त्याच्या खाली आणखी जुनं, कुजलेलं गवत. हेझलच्या झुडपाचे दोन धुमारे तिच्या कोपराला टोचत होते.

“किती आहेत?” असम्प्टाने बाहेरून विचारलं. सहलीचा चहा आणि हॅमची सँडविचं ही असम्प्टाची जबाबदारी. ती कधी कुणाला उपाशी ठेवत नसे आणि कधी काही विसरतही नसे.

“थांब जरा.”

“एवढा वेळ लागतोय म्हणजे मोजून संपत नसणार,” फिन्टन म्हणाला. हा निवृत्त मास्तर सशांचे फोटो काढायचा आणि सहा वर्षं ओळीने दुसरा आला होता.

डर्व्हलाने आणखी थोडं गवत बाजूला केलं. अकरा, दहा, सात, पाच, चार, दोन, एक. हे आकडे तिच्या वहीत तिच्याच अक्षरात होते, आणि प्रत्येक वर्षापुढे तिने एकेक कारण लिहून ठेवलं होतं: थंडी, ऊन, गोगलगायी. यंदा लिहायला कारण उरलं नव्हतं. तिने तळहाताने जमीन चाचपून पाहिली. एकही फूल नव्हतं.

“डर्व्हला, बाहेर ये,” असम्प्टाचा आवाज आला.

“दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं नको, आत्ता ये. मी थर्मास ठेवायला सपाट जागा बघत होते. जवळजवळ त्याच्यावरच ठेवला असता.”

तारेपासून सात-आठ पावलांवर, दोन खडकांमधल्या मातीत, गाईच्या खुराचा खोल ठसा होता. हिवाळ्याच्या चिखलात उमटलेला आणि नंतर वाळून कडक झालेला. त्याच्या कडेवर तीन पांढरे जेंशन उभे होते. शेजारी वाळक्या शेणाची पोळी. भोवतालचं गवत बोटाच्या पेराएवढं, आणि त्यात जिकडे बघावं तिकडे निळे ठिपके.

डर्व्हलाने एकदा कुंपणाच्या आत पाहिलं, एकदा बाहेर पाहिलं. औषधाच्या दुकानात तिची चाळीस वर्षं गेली होती. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक कशाचा, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मर्टी दगडी गडग्याला टेकून उभा होता, दर सहलीला असायचा तसा. पायाशी कुत्रा, हातात काठी.

“मर्टी, हे कधीपासून आहे?”

“तिथलं होय? तीन वर्षं झाली. पहिली दोन्ही वर्षं एकेकच होतं.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत, बाई.” मर्टीने टोपी मागे सरकवली. “आणि बोर्डावर सगळं लिहिलेलंच होतं की. माझ्या रानात माझ्या गुरांनी कसं वागायचं ते.”

फिन्टनला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यावर नेलं. डर्व्हलाचे कान लाल झाले. मर्टीला बहुधा तेवढंच हवं होतं, कारण पुढचं तो वेगळ्या आवाजात बोलला.

“हिवाळाभर गुरं इथे वर असतात. वाळलेलं सगळं खाऊन साफ करतात. वसंतात खाली आली की रान मोकळं, मग फुलं येतात. माझा बाप असंच करायचा, त्याचा बापही. फुलांसाठी नाही हो, गुरांसाठीच. पण तुम्ही लोक लांबून लांबून फुलं बघायला येता ते या रानात. ते कुणी सांभाळलं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.”

त्याने मान वर केली आणि डोंगराकडे असं पाहिलं की बाकीच्यांनीही तिकडे पाहिलं. निळा रंग पार माथ्यापर्यंत चढत गेला होता. दरवर्षी तो तसाच चढायचा, पण दरवर्षी सगळे तारेपाशीच घोळका करून उभे राहायचे.

“तुझ्याकडे तार कापायला पक्कड आहे का?” डर्व्हलाने विचारलं.

“सहा वर्षं गाडीत पडलीय.”

तो पक्कड आणायला गेला, तेवढ्यात ढग आला. ऊन गेलं की जेंशन मिटतो. कॅमेरा हलू नये म्हणून आणलेल्या तांदळाच्या पिशवीवर तो टेकवून डर्व्हला खडकावर पालथी झाली आणि वाट बघू लागली. नऊ जण चहाचे पेले हातात धरून उभे होते. कुणाची सावली पडू नये म्हणून असम्प्टाने सगळ्यांना दामटून एका बाजूला केलं होतं. अर्ध्या तासाने ऊन आलं. तिन्ही फुलं हळूहळू उघडली. डर्व्हलाने श्वास रोखला. गुडघा दुखायचा राहिला, मघाची लाजही कुठे गेली कोण जाणे. एवढं सुख तिला दुसऱ्या कशातच मिळत नसे.

तिने दोन फोटो काढले. पहिल्यात कॅमेरा चार बोटं डावीकडे होता आणि चौकटीत फक्त फुलं आणि खडक. दुसऱ्यात सगळं होतं: फुलं, खुराचा ठसा, शेणाची पोळी.

प्रदर्शनाचा नियम स्पष्ट होता. चित्रात माणसाची किंवा पाळीव जनावराची खूण चालणार नाही. नियम डर्व्हलानेच लिहिला होता आणि ती तो दयामाया न दाखवता पाळायची. गेल्या वर्षी असम्प्टाच्या कोल्ह्यामागे विजेची तार दिसली म्हणून तिने तो फोटो परत पाठवला होता.

शनिवारी हॉल भरला. डर्व्हलाचा फोटो स्पर्धेच्या भिंतीवर नव्हता. चहाच्या टेबलामागे, खिडकीशेजारी तो एकटाच टांगला होता. खाली चिठ्ठी होती: ‘स्पर्धेसाठी नाही.’ नावाची जागा कोरी होती. चार दिवस विचार करूनही तिला नाव सुचलं नव्हतं.

गॉलवेहून आलेल्या परीक्षकबाई त्यापुढे बराच वेळ थांबल्या.

“उजवीकडून चार बोटं कापली असतीत तर करंडक तुमचा होता.”

“तसाही काढलाय,” डर्व्हला म्हणाली. “पण तो खोटा वाटला.”

“म्हणजे तारेसकटचा माझा कोल्हाच खरा होता तर,” असम्प्टा पेले भरता भरता म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. डर्व्हलाने मात्र एक बिस्कीट गुपचूप तिच्या बशीत ठेवलं.

करंडक फिन्टनच्या सशाला गेला. फिन्टनला रडू आलं, आणि डर्व्हलाने सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवल्या. आपल्याला वाईट कसं वाटत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा दारात मर्टी उभा होता. हॉलमध्ये तो मतदानाला आणि मयताच्या चहालाच यायचा. आज इस्त्रीचा शर्ट होता आणि टोपी हातात. डर्व्हलाने त्याला खिडकीपाशी नेलं.

तो फोटोपुढे उभा राहिला. आधी लांबून, मग इतक्या जवळून की काचेवर वाफ धरली. फुलांकडे त्याने ओझरतंच पाहिलं.

“पेग,” तो म्हणाला.

“कोण?”

“माझी गाय. हा तिचा पाय आहे. मागचा डावा.” त्याने काचेला न लावता बोट धरलं. “बघा, जरा आत वळतो. वासरू होती तेव्हा खडकाच्या फटीत अडकला होता. सगळे म्हणाले, विकून टाक. मी तिला सहा आठवडे खांद्यावरून पाण्याला नेली. आता चौदा वर्षांची आहे. अजून पहिली वर चढते, बाकीची सगळी तिच्या मागून.”

शेजारची दोन-चार माणसं पेले घेऊन सरकली. मर्टीने त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. परीक्षकबाईही आल्या, मग तिसऱ्यांदा सांगितलं. त्याचा आवाज आता पार मागच्या खुर्च्यांपर्यंत जात होता.

डर्व्हलाने पर्समधून पेन काढलं आणि नावाच्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केली: ‘पेग, मागचा डावा.’

मर्टीने बोलता बोलता खाली पाहिलं.

“जरा मोठ्या अक्षरात लिहा, बाई,” तो म्हणाला. “बोर्डावर लिहिलं होतंत ना, तसं.”