आधी बसा

मी एक जुना बाक आहे. सागवानी, दोन माणसं ऐसपैस आणि तीन दाटीवाटीने बसतील एवढा. नागपूरच्या इतवारीत साड्यांचं एक दुकान आहे, तिथे माझा मुक्काम. आजकाल मी काचेच्या आड असतो. रस्त्याने जाणारे लोक वळून बघतात, काही जण फोटोही काढतात. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की माझं झकास चाललं आहे. काही दिवस मलाही तसंच वाटत होतं, आणि आज त्याचीच लाज वाटते.

दुकानाचे मालक बाबाराव यांनी मला बनवून घेतलं. सुतार म्हणाला होता, "एवढ्या लाकडात तर मांडणी होते, शेठ. शंभरेक साड्या जास्त बसतील." बाबाराव हसले. "साडी घडी करून कुठंही राहते गा. माणसाची घडी नाही करता येत. तू बाकच बनव."

बाबारावांची एक रीत होती. दारात कुणीही येवो, पहिला शब्द 'आधी बसा'. उमरेडचे विणकर रुपराव महिन्यातून एकदा एसटीने साड्यांचा गठ्ठा घेऊन यायचे. बाबाराव त्यांना माझ्यावर बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत भावाचा विषयसुद्धा काढायचे नाहीत. थकल्याभागल्या माणसाला उभं ठेवून भाव केला तर तो पडेल त्या भावाला 'हो' म्हणतो, आणि त्याला धंदा म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. भाव मात्र ते घासाघीस करूनच ठरवायचे, बरं का! साधुसंत नव्हते ते.

माझं डावं टोक इंदूबाईचं. बावीस वर्षं ती या दुकानात साड्या उलगडून दाखवते आहे. गिऱ्हाईक गेलं, साड्यांच्या घड्या घालून झाल्या, की ती घटकाभर टेकायची आणि पायाच्या पोटऱ्या दाबत बसायची. तिच्या बसण्याने तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. मला ते फार आवडायचं.

बाबाराव गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, ऋषीकडे आलं. ऋषी वाईट नाही. सकाळी सर्वांच्या आधी येतो, मेहनत करतो. त्याने दुकान नवं केलं, काचा लावल्या, एसी लावला, नजर ठेवायला कॅमेरे लावले. सल्ला द्यायला एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं की साड्या दाखवणारी बाई बसलेली दिसली की दुकान झोपल्यासारखं वाटतं. बसायच्या वस्तू काढून टाका, विक्री वाढेल. स्टुलं गेली, खुर्च्या गेल्या. मीही भंगारात जायचा, पण साहेबांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे ठेवा. जुनं सागवान आहे, शोकेसमध्ये शोभेल."

मला घासलं, पॉलिश केलं. डाव्या टोकाची ती गुळगुळीत जागासुद्धा नव्या चकाकीखाली गेली. मग माझ्यावर प्लास्टिकची एक पुतळी बसवली, रुपरावांनी विणलेली साडी नेसवून. आणि मी, मूर्ख लाकूड, खूश झालो! म्हटलं, आपले दिवस पालटले. तिकडे इंदूबाई दहा-दहा तास उभी राहू लागली होती. संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले दिसायचे. तिने एकदाही तक्रार केली नाही. या वयात दुसरं काम कोण देणार, हे तिला माहीत होतं.

मग एका उन्हाच्या दुपारी रुपराव आले. दुखण्यामुळे आठ महिने त्यांची फेरी चुकली होती, नवं दुकान ते पहिल्यांदाच बघत होते. सत्तरी उलटलेले, खांद्यावर गठ्ठा, सदरा घामाने भिजलेला. आत येताच त्यांनी सवयीने माझी जुनी जागा पाहिली. तिथे आरसा होता.

"बसाले जागा नाही राहिली का वं, इंदूबाई?"

इंदूबाईने इकडेतिकडे पाहिलं. या आठ महिन्यांत स्वतःसाठी जे तिने केलं नव्हतं, ते तिने त्यांच्यासाठी केलं. शोकेसचं दार उघडलं, पुतळीला उचलून भिंतीशी उभं केलं आणि पदराने मला पुसत म्हणाली, "आधी बसा, भाऊ. पाणी आणून देतो मी."

रुपराव बसले. कितीतरी दिवसांनी माझ्यावर जिवंत माणसाचं वजन आलं. पाण्याचा पेला त्यांच्या ओठाशी जातो न जातो तोच ऋषी धावत आला.

"मावशी, पुतळी काहून उतरवली? रस्त्यावरून सगळं दिसून राहिलं ना! किती वेळा सांगितलं, ते बसाले नाही ठेवलं." मग जरा वरमून म्हणाला, "काका, राग नका मानू. आपण काउंटरवरच भाव करून घेऊ. या वेळी जास्तच देतो तुम्हाले."

रुपरावांनी पेला खाली ठेवला. भिंतीशी टेकवलेल्या पुतळीच्या अंगावरची साडी त्यांनी बोटांनी चाचपली. स्वतःच्या हातचं काम ओळखलं.

"जास्त तर देशील बापू," ते म्हणाले, "पण माझी साडी बसते अन् मी उभा राहतो, हे काही मले जमणार नाही." त्यांनी गठ्ठा उचलला आणि उरलेलं पाणी तसंच ठेवून ते निघून गेले.

मित्रांनो, यानंतर दुकानाचं वाटोळं झालं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुतळीला यंत्रमागाची साडी नेसवली. लांबून कुणाला फरक कळला नाही. विक्री वाढली, आणि आता शेजारचा गाळाही ऋषीने घेतला आहे. रुपरावांचा मान गेला, त्याने दुकानाचं काडीचंही नुकसान झालं नाही. मला याचंच सर्वात वाईट वाटतं.

त्या दिवशी पुतळी पुन्हा माझ्यावर बसवायचं काम इंदूबाईलाच करावं लागलं. ऋषी समोर उभा होता. तिने पुतळीला बसवलं, निऱ्या नीट केल्या आणि काउंटरमागे जाऊन उभी राहिली.

अजूनही ती तिथेच आहे. दुपारी पाय फारच भरून आले की ती शोकेसमध्ये येते. पुतळीच्या निऱ्या नीट करायचं निमित्त करते आणि वाकून माझ्या डाव्या टोकावर तळहात टेकवते. सारा भार त्या हातावर देते. मनात दहापर्यंत मोजावं इतकाच वेळ. मग कॅमेऱ्याकडे बघून सरळ होते. मी माणसं पेलायला जन्मलेला बाक, पण तिला 'बस' म्हणायला मला तोंड नाही.

तुम्हाला आहे. कधी आईबाबांसोबत साडी घ्यायला गेलात, तर दाखवणारी मावशी किती वेळची उभी आहे ते बघा. तिला म्हणा, "मावशी, आधी बसा." ती बहुतेक बसणार नाही. तरीही म्हणा.