मोठी बोंब

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. चौकट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दार येईल, पण मला दार नाही, कडी नाही, कुलूपही नाही. मोठ्या इमारतीत शिरताना एक उभं, करड्या रंगाचं, पुढून-मागून मोकळं खोकं लागतं आणि त्यातून जाताना भली भली माणसं उगाचच श्वास रोखून चालतात ना, ते खोकं म्हणजे मी. अंगावर धातूची वस्तू असेल तर मी ओरडते. मला हे एकच काम येतं आणि ते मी इमानेइतबारे केलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन खांब उभे केले, वर आडवी पट्टी ठोकली, पोटात तारा भरल्या आणि एक तपासनीस खिशात चमचा टाकून माझ्यातून चालत गेला. मी अशी किंचाळले की त्याच्या हातातला चहा सांडला. त्याने चड्डीपासून सदऱ्यापर्यंत स्वतःला पुसलं आणि माझ्या पाठीवर ‘पास’ असा शिक्का मारला. तुमच्यापैकी किती जण जन्मल्या दिवशी पास झाले होते, ते मी विचारत नाही.

पुढे सात वर्षं विमानतळावर काढली, मग न्यायालयात बदली झाली. तिथे मी केकमध्ये लपवलेली कानस पकडली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, पण तो पोलिसाचा आणि केकचा. मी त्यांच्या मागे अर्धीच दिसते. कौतुकाच्या वेळी आपण नेमके अर्धे का दिसतो, हे मला अजून कळलेलं नाही. उतारवयात मला एका चर्चाभवनात आणून उभं केलं. ज्यांचं आपसात हाडवैर, अशी माणसं तिथे तहाच्या गोष्टी करायला यायची. माझा डावा पाय एव्हाना आखूड झाला होता, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. शांततेचा भार त्या पुठ्ठ्यावर होता, असं म्हटलं तरी चालेल.

तिथे मला ताई भेटल्या. दारावर तपासणी करणाऱ्या. अंगाने ठेंगण्या, आवाजाने खणखणीत, आणि कोणाच्याही पदाला न भिणाऱ्या. मी ओरडले की इतर लोक ‘सूचक ध्वनी’ वगैरे म्हणत. ताई सरळ म्हणायच्या, ‘बोंब’. किल्ल्या असल्या तर बारीक बोंब, पट्ट्याचं बक्कल असलं तर मधली बोंब, आणि काही मोठं असलं तर मोठी बोंब. त्यांच्या वहीतही तसंच लिहिलेलं असे : ‘नऊ वाजता, चष्मेवाले गृहस्थ, बारीक बोंब, नाणी.’ मला आधी राग यायचा. आपल्या आयुष्यभराच्या सेवेला कोणी बोंब म्हणावं? पण त्या इतक्या मायेने म्हणायच्या की मी ते नाव लावून घेतलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. एका देशात सरकार आणि बंडखोर यांची तीस वर्षं लढाई चालली होती. मधे एक नदी. अलीकडून तोफा, पलीकडून बॉम्ब. शेवटी दोघेही थकले आणि त्यांनी बारा दिवस गोळीबार थांबवायचं कबूल केलं. बाराव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, दुपारी बारापर्यंत करारावर सह्या झाल्या नाहीत, तर पुन्हा लढाई. बोलणी करायला दोघे शेजारच्या देशात, म्हणजे आमच्याकडे आले.

सरकारकडून आले ते जनरल. सरळ पाठीचे, छातीवर पदकांची पाटी. बंडखोरांकडून आले ते मास्तर. ते खरोखरच शाळेत भाषा शिकवायचे, मग बंदूक घेतली, पण फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोलणं सुटलं नव्हतं. दोघांची भाषा एक, आमची भाषाही तीच, तरी दोघांनी हट्टाने दुभाषी मागितली. समोरच्याचं बोलणं थेट कानावर घेणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. दुभाषी बाई बिचाऱ्या नदीकाठच्याच. त्यांची म्हातारी आई तिथेच राहत होती आणि लढाई पेटली की खाटेखाली झोपत होती. जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्याजवळ ताईंच्या शेजारी डबा उघडायच्या आणि आतल्या गमती सांगायच्या. जनरल म्हणायचे, “हे धडधडीत खोटं आहे.” त्याचं बाई भाषांतर करायच्या, ‘आपल्या दोघांच्या माहितीत जरा फरक दिसतो.’ मास्तर ऐकून मान डोलवायचे, जणू मूळ वाक्य त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी जनरल माझ्यातून गेले आणि मी मोठी बोंब ठोकली. त्यांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, पदकं काढून तबकात ठेवली. ती काढायलाच पाच मिनिटं लागली. पुन्हा आले, पुन्हा मोठी बोंब. बंडखोरांच्या बाजूने कुणीतरी हसलं. मग मास्तर आले. चष्मा काढला, पेन काढलं, पट्टा काढला, विजार दोन्ही हातांनी धरून आले. तरीही मोठी बोंब. आता हसायची पाळी दुसऱ्यांची होती. मग दोन्ही बाजूंनी लेखी तक्रार केली की ही चौकट पक्षपाती आहे. मित्रांनो, त्या बोलण्यांचे पहिले दोन दिवस माझ्यावर चर्चा करण्यात गेले. माझ्यासाठी उपसमिती नेमली होती. आयुष्यात एवढा मान मला मिळाला नव्हता.

ताईंनी त्यावर तोडगा काढला. दोघांना रोज पडद्याआड न्यायचं, हातातलं छोटं यंत्र अंगावरून फिरवायचं आणि आत सोडायचं. ते यंत्र जनरलच्या मांडीवर वाजायचं आणि मास्तरांच्या खांद्यावर. ताईंना काय ते कळलं. पण दोघांनीही त्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं की हे समोरच्याला कळता कामा नये. शत्रूचा नेम लागला होता हे शत्रूला कोण सांगेल? ताईंनी तोंड शिवून घेतलं.

आत बाकी सगळं ठरलं. कैदी सोडायचे, पूल उघडायचा, रस्त्यातले सुरुंग काढायचे, सगळं. घोडं अडलं ते कराराच्या पहिल्या वाक्यावर. जनरलना लिहून हवं होतं की सुरुवात बंडखोरांनी केली. मास्तरांना हवं होतं की सुरुवात सरकारने केली. तुमच्या वर्गात खोडरबर हरवल्यावर चालतं, अगदी तसंच चाललं होतं. फरक इतकाच की इथे बाहेर तोफा वाट बघत होत्या. बाईंचा डबा न उघडताच परत जाऊ लागला.

शुक्रवार उजाडला. इमारतीच्या सुरक्षेला एक नवे अधिकारी येऊन आठवडा झाला होता. माणूस कामाचा, पण सदा घाईत. त्यांनी त्या सकाळी हुकूम काढला की आज शेवटचा दिवस, धोका मोठा, तेव्हा दारावरची प्रत्येक गोष्ट आपल्याला ताबडतोब फोनवर कळवायची. फोन जुनाच होता. त्यात माणसाच्या आवाजापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची.

दहा वाजता जनरल आणि मास्तर आले. रोजच्यासारखी मी दोनदा ओरडले, आणि हुकमाप्रमाणे ताईंनी फोन उचलला.

“साहेब, जनरलसाहेबांच्या मांडीत बोंब आहे आणि मास्तरांच्या खांद्यात बोंब आहे. रोजच्यासारखीच.”

खरखरीतून पेन पडल्याचा आवाज आला. मग अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, “रोजच्यासारखीच म्हणजे?”

“म्हणजे अकरा दिवस आहेच की. आता सवय झाली.”

“आणि तुम्ही त्यांना आत सोडता?”

“मग काय, घरी पाठवू?”

अधिकाऱ्यांनी बोंब ऐकलीच नव्हती. त्यांनी ऐकलं होतं बॉम्ब. त्यांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मित्रांनो, मी ओरडते असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या इमारतीचा भोंगा ऐका. माणसं फायली, कोट, अर्धे भरलेले कप टाकून पळाली. दुभाषी बाई धावत बाहेर जाताना दारातच थबकल्या, घड्याळाकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पहारेकऱ्यांनी त्यांना ओढून नेलं. नियम असा की ज्यांच्या अंगावर बॉम्बचा संशय आहे त्यांनी जागचं हलायचं नाही, बाकी सगळ्यांनी दूर जायचं. म्हणून जनरल आणि मास्तर माझ्याजवळच उरले. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या होत्या, त्याही एकमेकींना चिकटलेल्या. आणि ताई. कर्ण्यावरून त्यांना बाहेर बोलावत होते, पण त्या हलल्या नाहीत. गोंधळ आपल्या तोंडून झालाय, तो निस्तरल्याशिवाय जाणार नाही, असं त्यांनी कर्ण्यापेक्षा मोठ्या आवाजात कळवलं.

समोरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. बॉम्ब निकामी करणारं पथक शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचं होतं.  जनरलनी शेजारी न बघता ताईंना विचारलं की फोनवर नेमकं काय सांगितलंत. ताईंनी सांगितलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला.

“बोंब आणि बॉम्ब,” ते म्हणाले. “एकात काना-मात्रा आणि अनुस्वार, दुसऱ्यात चंद्र आणि अर्धा म. मी वीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं. चुकीने कोणी मरत नाही, असं पोरांना सांगायचो.”

आधी जनरलच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग ते मांडी धरून असे हसले की पदकं खुळखुळली, आणि त्यांच्या हसण्याने मास्तरांनाही हसू आवरेना. दुभाषीशिवाय एकमेकांचं त्यांनी ऐकलेलं ते पहिलंच काहीतरी.

हसू ओसरल्यावर मास्तरांनी विचारलं, “मांडीत काय आहे?”

“तुमचेच आहेत,” जनरल म्हणाले. “बाजारातल्या बॉम्बमधले दोन खिळे. माझा ड्रायव्हर शेजारी उभा होता. तो गेला.”

 मास्तरांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. “हा तुकडा तुमचा. शाळेच्या छपरावर तोफगोळा पडला. चौथीचा वर्ग होता. पाच मुलं.”

मलाही वाईट वाटलं, मित्रांनो. अकरा दिवस मी त्या तुकड्यांवर ओरडत होते आणि स्वतःच्या तीक्ष्ण कानांचं कौतुक करत होते. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

आणि एवढं होऊनही काय झालं असेल? जनरल म्हणाले, बाजार आधी. मास्तर म्हणाले, शाळा आधी. महिना, वार, तारीख सुरू झाली. घड्याळात सव्वाअकरा. तेव्हा मात्र ताईंचा संयम सुटला. त्या दोघांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हातात ते छोटं यंत्र घेऊन.

“अकरा दिवस मी हे तुमच्या दोघांवरून फिरवतेय,” त्या म्हणाल्या. “कुठला तुकडा आधी घुसला, ते याला कळत नाही. दोन्हीकडे सारखंच वाजतं. बाहेर ती पोर रडत उभी आहे, तिची आई दुपारी खाटेखाली जाईल. तिला काय सांगू, तारखा जुळत नव्हत्या?”

 मग मास्तरांनी हात पुढे केला आणि ताईंची वही मागितली. मोठ्या बोंबांच्या नोंदीखाली त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, ‘कराराचं पहिलं वाक्य गाळावं. करार दुसऱ्या वाक्यापासून सुरू व्हावा.’ सही केली आणि पेन जनरलना दिलं. जनरल सही करत होते, इतक्यात दार उघडलं आणि गाद्या गुंडाळल्यासारखे कपडे घातलेली चार माणसं आत आली. त्यांनी हात वर करायला सांगितलं. दोघांनी हात वर केले. जनरलच्या वर केलेल्या हातात पेन होतं, आणि सही पुरी करायला हात खाली घ्यायची परवानगी मागताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पथकाचा पहिला माणूस माझ्यातून आत आला, तेव्हा मी त्याच्यावरही ओरडले. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

बॉम्ब नाही याची पथकाला खात्री पटल्यावर बाकीच्या सह्या बाहेर हिरवळीवर, एका ओणव्या पहारेकऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून झाल्या. बाराला सहा मिनिटं होती. दुभाषी बाईंनी नदीकाठी फोन लावला आणि आईला सांगितलं की आज खाटेवरच झोप.

पुढे अधिकाऱ्यांनी नवं यंत्र आणलं. ते ओरडत नाही, पडद्यावर गुपचूप ठिपका दाखवतं. ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या वहीचं ते पान काचेत लावलं आहे, आणि मला तळघरात ठेवलं आहे. माझ्या पट्टीवर लोक ओल्या छत्र्या टांगतात. पुठ्ठाही कुणीतरी काढून नेला, त्यामुळे मी जरा तिरकीच असते. माझी एक विनंती आहे. छत्र्या टांगा, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्यासमोर कोणी ओरडलं, तर लगेच कानावर हात ठेवू नका आणि लाल बटणही दाबू नका. आधी विचारा, कुठे लागलंय.

वर्षातून एकदा, कराराच्या दिवशी, जनरल आणि मास्तर तळघरात येतात. सोबत ताई असतात आणि पुठ्ठ्याची नवी घडी असते. ताई छत्र्या काढतात, माझी तार जोडतात, आणि दोघे माझ्यातून जातात. आपली बोंब अजून शाबूत आहे ना, ते त्यांना ऐकायचं असतं. यंदा दारातच दोघांची जुंपली, आधी कोण जाणार यावरून. कोणी मागे हटेना. शेवटी दोघे एकदमच घुसले आणि खांद्याला खांदा लागून माझ्यात अडकले. ताई हसून हसून खाली बसल्या. मी जिवाच्या आकांताने ओरडले, एकच मोठी बोंब. आणि त्यात आधी कोणाची वाजली, ते मला विचारू नका, मित्रांनो. मला खरंच माहीत नाही.