एकशे चव्वेचाळीस तंबू

मतदानाच्या दिवशी फिरती मतपेटी सकाळी आठला कारा-बुलाकच्या कुरणांकडे निघाली, मेंढपाळांच्या एकशे चव्वेचाळीस तंबूंना भेट देऊन संध्याकाळी आठला परतली, आणि तिच्यात तीनशे एकोणनव्वद मते निघाली.

ही नोंद निवडणूक समितीच्या अहवालातली. मी पंधरा वर्षे नद्यांचे प्रवाह मोजले. साप्ताहिकात आलो तरी भागाकाराची सवय सुटली नाही. एका तंबूमागे पाच मिनिटे, पुढच्या तंबूपर्यंतची घोडदौड त्यातच. मी तेवढेच छापले. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष जपार कचेरीत हजर झाले. सोबत चालक तुरात. पेटीबरोबर गेलेल्यांत अहवालाने त्याचेही नाव दिले होते.

"बातमी खोटी होती असं गुरुवारच्या अंकात छापा. नाहीतर जिल्ह्याचा छापखाना तुमचा अंक घेणार नाही."

"आकडा तुमचा, भागाकार आमचा," संपादक बुरुलकान एजे म्हणाल्या. आमच्याकडे थोरल्या बाईला एजे, थोरल्या पुरुषाला बाइके म्हणतात. "खोटं त्यात काय, जपार बाइके?"

"आमचे घोडे चांगले होते. तुमच्या या पाणीमोज्याला घोड्यावर बसता तरी येतं का?"

ते गेल्यावर एजे माझ्यावरच उखडल्या. "भागाकारानं संशय येतो, पुरावा मिळत नाही. आपला अंक बंद पडला तर या खोऱ्यात यांना विचारणारं कोणी उरणार नाही. बस घोड्यावर."

रिकामी पेटी खोगिराला बांधून मी त्याच वाटेने, त्याच वेळी निघालो. संध्याकाळी आठपर्यंत माझे नऊ तंबू झाले. घोडा ताजातवाना होता; हरले ते माझे पोट. प्रत्येक दारात भाकरीचा तुकडा मोडावा लागला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, किमिझचे, वाडगे रिचवावे लागले. नको म्हणण्याची सोय आमच्याकडे नाही; तो घराचा अपमान ठरतो. नवव्या तंबूत तुरातची आई होती.

"माझा तुरात इथवर आला असता, तर न खाता गेला असता का रे?"

नऊ तंबूंतून एकवीस सह्या मिळाल्या: पेटी आली नाही.

बुधवारी एजेंनी त्या सह्या जपारांपुढे ठेवल्या.

"विसरले असतील. आम्ही घाईत होतो. कुठेच काही खाल्लं नाही, म्हणून वेळ वाचला."

एजेंनी कोरा कागद पुढे सरकवला. "एवढंच लिहा. एकशे चव्वेचाळीस दारांत भाकरीला हात न लावता पाठ फिरवली. खाली सही करा. पहिल्या पानावर छापते."

जपारांनी पेन उचलले, पुन्हा ठेवले. खोटी मते त्यांना पचली होती. हे पचणारे नव्हते.

"छापखाना बंद समजा."

"समजले. कचेरीत झेरॉक्स आहे."

"आणि बातमीवर नाव कोणाचं घालणार?"

"माझं. मोठ्या अक्षरांत."

तेवढ्यात दाराशी उभा असलेला तुरात म्हणाला, "एजे, माझंही घाला. काय झालं ते मी सांगतो."

"तुरात, गप बस!"

"बाइके, गाडी तुमची आहे. आई माझी आहे."

गुरुवारचा अंक चार पानांचा निघाला. पहिल्या पानावर तुरातची सही असलेला जबाब होता, आणि त्यावरून उघड झालेली हकिगत अशी: पेटी कुरणांवर गेलीच नव्हती. ती दिवसभर गावच्या शाळेत भूगोलाच्या वर्गात होती. तुरातने मतदारयादी वाचली. जपार आणि समितीच्या दोन सदस्यांनी मतपत्रिकांवर शिक्के मारले. काम दुपारी एकला संपले. अहवालात संध्याकाळचे आठ लिहिले.